दिवसा वर यायचं तर

पंजाबराव तायड्यांना गावात कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना नेवीवाले आबा म्हणतात. संग्रामपूरपासून सहा-सात किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पूर्णेच्या पुरापेक्षा मोठं पाणी ज्याने कधी पाहिलं नव्हतं, असा हा माणूस अठराव्या वर्षी अकोल्याच्या भरतीत उभा राहिला आणि पुढे थेट पाणबुडीवर गेला. एक लढाई पाहिली, पंधरा वर्षांनी परत आला, चार एकरांत विहीर खणून संत्रा लावला आणि शहात्तराव्या वर्षापर्यंत त्या झाडांच्या मागे लागून राहिला.

यंदा मे महिन्यात सीमेवर धुमसायला लागलं. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि आरडाओरडा. तेव्हा तानाबाईंच्या, त्यांच्या बायकोच्या, लक्षात आलं की म्हातारा वर पाहायला लागला आहे. उगाच नजर टाकावी तसं नव्हे. आधी पूर्वेकडचा एक तुकडा, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. सूर्याच्या बाजूला आला की अंगठा उभा धरून सूर्य झाकायचा आणि कडेने पाहायचं.

"मान दुखते म्हनता, अन् वर काय पाह्यता सारखं?" तानाबाई म्हणाल्या.

"घारी पाहून राह्यलो."

तानाबाई आत वळल्या. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं, आणि तेव्हाही उत्तर घारींचंच होतं.

त्याच आठवड्यात समता सुट्टीवर आली. समता म्हणजे संघर्षची, त्यांच्या मुलाची, थोरली मुलगी. नौदलात अधिकारी. समुद्रावर गस्त घालणाऱ्या मोठ्या विमानात ती बसते आणि पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकते. आजा लपणारा आणि नात शोधणारी, यावर गावाने पुष्कळ हसून घेतलं होतं. पंजाबरावही हसायचे. दहा दिवसांची सुट्टी होती तिची. तिने घरात पाय ठेवताच आजीला सांगून टाकलं की फोन वाजला तर परत जावं लागेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेतात गेले. विहिरीपाशी पोचले असतील नसतील, तोच शेजारच्या बागेतून एक गुणगुण उठली आणि झाडांच्या शेंड्यांवर काळं काहीतरी तरंगत वर आलं. समता बोलत होती ते बोलतच राहिली. पंजाबरावांनी मात्र तिचं मनगट धरलं, तिला ओढून कडुलिंबाच्या बुंध्याशी दाबलं आणि ओठ हलवत मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

"आबा, फवारणीचं ड्रोन हाय ते. जयमालाकाकूच्या बागेतलं."

त्यांनी मनगट सोडलं नाही. ते ड्रोन ओळ संपवून वळलं, पांढरा धूर सोडत दूर गेलं, तेव्हा कुठे त्यांचा हात सैल झाला. समता हसायला निघाली होती, ती थांबली.

"कितीपर्यंत मोजत होते तुमी?"

"पन्नास. घंटी वाजली की पन्नास सेकंदांत पानी डोक्यावर आलं पाह्यजे. एकावन्नावा सेकंद विमानाचा."

तिथेच लिंबाखाली दोघं बसले. समताने पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "दिवसा वर यायची पाळी आली तं काय करत होते तुमी? गोष्ट नका सांगू. काम सांगा."

हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. गावाला गोष्ट हवी असायची. त्यांनी दोन घोट पाणी घेतलं आणि सांगायला लागले.

"दिवसा वर यायचंच नाही, हा पह्यला कायदा. पन बॅटरी संपली, हवा सडली, तं काय करशीन? मंग पुरं वर यायचं नाही. टाक्यांत पानी भरून बोटीले इतकं जड ठेवायचं का पाठ पान्याखाली राह्यली पाह्यजे, नुसता मनोरा वर. म्हंजे बुडाले वेळ लागत नाही. वर चारच मानसं. पाचवा मानूस नाही, कारन झाकनातून एका वेळी एकच मानूस खाली उतरते. आभाळाचे चार वाटे. आपल्या वाट्याच्या बाहेर पाह्यचं नाही, बाजूच्यानं 'ते पाह्य' म्हनलं तरी नाही."

"सूर्याकडचा वाटा कोनाकडे?"

"माह्याकडे. डोळे चांगले होते माहे. विमान येते ते सूर्यातून येते. मंग समुद्र पाह्यचा. पानी खवळलेलं असलं तं बरं, लाटांत आपली रेघ मोडते. पानी आरशासारखं असलं तं मेलो. हळू चाललो तरी मागं पांढरी रेघ पडते न् ती वरून दोन कोसांवरून दिसते."

"अन् ठिपका दिसला की?"

"दिसला का बोंबलायचं. विमान हाय का गिधाड, हे पाहत बसायचं नाही. गिधाडापायी धा वेळा बुडालो तरी कप्तान साहेब काही म्हनत नव्हते. एकदा का मानूस विचार कराले लागला, का पन्नासातले धा गेले." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "पन हे लांबच्या विमानाचं. जवळ आलेलं असलं तं बुडायचं नाही. अर्ध्या बुडालेल्या बोटीले ना दात ना पाय. वरून पान्यावर फेसाचा गोल दिसते, त्या गोलात बॉम टाकला का झालं."

समता नीट ऐकत होती. मधूनच मान हलवत होती. तिच्या यंत्रांना काय दिसतं न् काय नाही, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

"आमचं बी तसंच हाय," ती शेवटी म्हणाली. "शंका आली की थांबायचं नाही. खाली जाऊ देलं की तो पुन्हा सापडत नाही."

"हाव," पंजाबराव म्हणाले. पण ते वाक्य त्यांच्या कानात अडकून राहिलं.

"आबा, तुमची ती हात हालवायची गोष्ट हाय ना, ती मी आमच्या नव्या पोरांना सांगते. शिकवतानी."

पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं.

ती गोष्ट अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होती. दर चौदा एप्रिलला विहारापुढच्या मांडवात पोरं त्यांना घेरून बसायची आणि तीच मागायची. लढाईच्या दिवसांत पाणबुडीची हवा ओढायची नळी मोडली. तीन दिवस खाली कोंडलेली माणसं, बॅटरी संपत आलेली. रात्री वर यावं तर शत्रूचं जहाज डोक्यावर घिरट्या घालत होतं, ते पहाटे कुठे हललं. मग कप्तान साहेबांनी भर सकाळी, मासेमारांच्या होड्यांच्या घोळक्यात बोट वर काढली. मनोऱ्यावर जाळी टाकली, मातकट कापड टाकलं, आणि पंजाबराव तायडे नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला लुंगी नेसवून, डोक्याला फडकं बांधून वर बसवलं. विमान आलं ते एकदम जवळ. बुडायला वेळच नव्हता. पंजाबराव उभे राहिले आणि त्यांनी विमानाला हात हालवला. विमान निघून गेलं. पोरं टाळ्या पिटायची. एखादं म्हणायचं, आबा, हालवून दाखवा. आबा हालवून दाखवायचे.

"काय शिकवते तू त्यातून?" त्यांनी विचारलं.

"हेच, की मासेमारांचा घोळका दिसला की सोडून देऊ नका. खाली कोनी हात हालवून राह्यला तं त्याच्यावरच पह्यले नजर ठेवा. माह्या आजानं असंच फसवलं होतं म्हनून सांगते. पोरं हसतात, पन इसरत नाहीत."

पंजाबराव उठले. विहिरीच्या काठावर जाऊन उगाच मोटारीची वायर पाहू लागले. समताला वाटलं, म्हातारा थकला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ऊन लागलं असेल म्हणून तानाबाईंनी कैरीचं पन्हं करून दिलं, ते घोट घोट घेत ओट्यावर बसून राहिले. नातीने त्यांची गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, आणि त्या गोष्टीचा अर्धा भाग त्यांनी कुणालाच कधी सांगितला नव्हता. अर्धी गोष्ट विनोदी होती. तिच्यावर पोरगी शिकली, विमानात बसली, आणि आता दुसऱ्या पोरांना शिकवत होती की खाली हात हालवणारा माणूस दिसला तर काय समजायचं. हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सांगावं असं दोनदा मनात आलं. एकदा ती आजीच्या डोक्याला तेल लावत होती. एकदा ती एकटीच अंगणात चपला पुसत बसली होती. दोन्ही वेळा त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला तिचा फोन वाजला. ती दोनच शब्द बोलली, "हो सर," आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

शेगावहून दुपारची गाडी होती. संघर्ष बुलढाण्याहून आपली गाडी घेऊन आला. तो तिथे शाळेत मास्तर होता. तो रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकत राहिला. तानाबाईंनी दारातच नातीच्या तोंडावरून हात फिरवून घेतला होता. पंजाबराव हट्टाने बरोबर निघाले. वाटेत रस्त्याकडेला चहाच्या टपऱ्यांवर माणसं फोनभोवती गोळा झालेली दिसत होती. कुणी हसत नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा एक तुकडा नव्हता, आणि पंजाबरावांना तसलं आभाळ कधीच आवडलं नव्हतं.

गाडी पाऊण तास लेट होती. संघर्ष चौकशी करायला खिडकीकडे गेला. फलाटावरच्या बाकावर आजा आणि नात दोघंच राहिले.

"समता, त्या गोष्टीचं पुढचं सांगतो तुले," पंजाबराव म्हणाले. "मधात बोलू नको."

ती त्यांच्याकडे वळून बसली.

"तिथं अकरा नावा होत्या. आमच्या बोटीत मेहकरचा एक पोरगा होता, नीळकंठ. बामनाचा, भटजीचा पोरगा. त्याचं काम कानाले यंत्र लावून पान्यातले आवाज ऐकायचं. आमी दोघं एकाच जिल्ह्यातले, म्हनून आपल्या भाषेत बोलत होतो. वर यायच्या आधी त्यानं मोजून सांगतलं, अकरा इंजिनं हायत, लहान लहान. आपल्याकडे विहिरीवर तवा ऑइल इंजिन राहायचे, तसे डग-डग वाजून राह्यलेत म्हने.

"वर आलो तं एक नाव आमच्यापासून या फलाटाच्या रुंदीइतकी. त्यात एक म्हातारा. समुद्रातून लोखंड वर आलेलं पाहून त्याचा जबडा खाली पडला. तो बोंबलला नाही. त्यानं आपलं जाळं ओढून घेतलं न् नाव बाजूले सरकवली. आमाले जागा देली. भेवानं देली असंन, पन देली. दोन घंटे आमी त्याच्या बाजूले होतो. बॅटरी भरत होती. त्यानं एकदाही वर मान करून आमच्याकडे पाह्यलं नाही."

एक मालगाडी धडधडत गेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"मंग विमान आलं. मी हात हालवला. ते गेलं. तुमाले सांगतो तितकं खरंच हाय. ते दिसेनासं झालं का कप्तान साहेबानं झाकन लावलं न् आमी खाली गेलो. अर्धा घंटा झाला असंन. मंग वरून टाकाले सुरुवात झाली. आमच्यावर नाही. आमी लांब निघून गेलो होतो. जिथं आमी होतो तिथं टाकून राह्यले होते. सहा मोजले मी. बोटीतले काही जन हसले, म्हने पाह्य, फुकट घालवून राह्यलेत.

"नीळकंठच्या कानाले यंत्र होतं. त्याचं तोंड पाह्यलं मी. त्यानं यंत्र काढलं न् मले हळूच सांगतलं, पंजाब, चार राह्यले बे. अकरातले चार."

समता बाकावर पुढे सरकली.

"त्यानं ते कप्तान साहेबाले सांगतलं नाही. मी बी नाही. नीळकंठ वारला दोन हजार नऊ साली. मरेपर्यंत पत्र टाकत होता, पन हे कधी लिहिलं नाही त्यानं." पंजाबरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या विमानातल्या मानसानं काय चूक केली? पानबुडी होतीच तिथं. त्याची शंका खरी होती. तू जे शिकवते ते बी खरं हाय. मी तुले खोटं म्हनत नाही. पन ती शिकवतानी पुरी गोष्ट सांग."

"मंग मी काय करू, आबा?" समता म्हणाली. "खाली कोनी हात हालवला तं मी काय करू?"

पंजाबरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

संघर्ष परत आला तेव्हा दोघंही समोरच्या रुळांकडे पाहत बसले होते. गाडी आली. समताने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, "जय भीम, आबा" म्हणाली आणि चढली. खिडकी बंद काचेची होती. हात हालवायची वेळ आली तेव्हा दोघांनाही हात वर करवला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. पहिले दोन दिवस तिचा फोन बंद होता. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर आगीचे लोळ दिसले, कुठले ते कळेना. चौथ्या दिवशी गावात अफवा आली की बंदर उडवलं. कोणतं बंदर, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तानाबाई सकाळी विहारात जाऊन बसायच्या आणि ऊन चढलं की परत यायच्या. पंजाबराव शेतात जायचे, संत्र्याला पाणी सोडायचे आणि लिंबाखाली उभं राहून आभाळाचा आपला वाटा पाहायचे. आता त्यांना विमानाची भीती वाटत नव्हती. विमानात कोण बसलं आहे याची वाटत होती.

नवव्या दिवशी दुपारी अडीचला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आबा, मी. जास्त बोलता येत नाही." तिने घाईने सांगितलं. "एकच विचारते. तुमी हात हालवला तवा विमान किती खाली होतं?"

"लय खाली. मानसाचं तोंड दिसत होतं."

"त्यानं बी तुमाले हात दाखवला होता काय?"

पंजाबरावांनी फोन कानाशी दाबला. हे त्यांनी नीळकंठलाही सांगितलं नव्हतं. फलाटावर सगळं सांगितलं असं वाटलं होतं, पण एवढं मागे ठेवलं होतं.

"हाव," ते म्हणाले. "दाखवला होता. हासला बी होता. पोरगाच होता माह्यासारखा."

"तरी तो परत आला?"

"तोच आला का दुसरा आला, कसं सांगू? पन विमान तसंच होतं."

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"बरं," ती म्हणाली. "चार वाजता पुन्हा उडायचं हाय."

"समता, काय झालं? काय केलं तू?"

फोन कट झाला होता. त्यांनी त्याच नंबरवर सात-आठ वेळा लावला. लागला नाही. घड्याळात चार वाजले तेव्हा ते अंगणात उभे होते. तानाबाईंनी खाटेवर बसा म्हणून सांगितलं, ते बसले नाहीत.

"काय म्हने पोरगी?"

"बरी हाय."

"मंग तुमचं तोंड असं काऊन?"

तेव्हा त्यांनी तानाबाईंना सगळं सांगितलं. अकरा नावा, तो म्हातारा, नीळकंठ. तानाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"अकरा ते चार," त्या म्हणाल्या. "अवो, नवं लगन झालं तवा झोपीत मोजत होते तुमी. अकरा, धा, नऊ. चारावर थांबायचे. मी समजली ढोरं मोजता." मग त्यांनी नवऱ्याचा हात धरून त्याला खाटेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही.

तेराव्या दिवशी लढाई थांबल्याची बातमी आली. फटाके वाजले. समताचा निरोप आला, ठीक आहे, एवढाच. प्रत्यक्ष ती आली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवसांसाठी. पाऊस अजून नव्हता, उकाडा होता. गालफडं बसली होती तिची. आजीने वाढलेलं मुकाट जेवली, आणि मग उठून स्वतःच म्हणाली, "चला आबा, शेतात."

विहिरीपाशी ती सिमेंटच्या कठड्यावर बसली.

"मी फोन केला त्या दिवशी सकाळी रडारवर एक ठिपका आला," ती म्हणाली. "मासेमारांच्या घोळक्याजवळ. आला न् गेला, पुन्हा आला न् गेला. पानबुडी डोकं काढून पुन्हा खाली जाते, तसा. तिथं पानबुडी असंन अशी खबर आधीच होती. मी परवानगी मागतली. आली लगेच."

पंजाबराव तिच्या हातांकडे पाहत होते. ती दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसली होती.

"शंका आली की थांबायचं नाही, हे मीच शिकवलेलं. माह्या बाजूचा पोरगा माह्याकडे पाहून राह्यला होता, मी हो म्हनन म्हनून. मी पायलटले म्हटलं, एक चक्कर खालून मार. तो म्हने, मॅडम, बुडून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मार."

"मंग?"

"एक नाव होती, उलटी झालेली. लाट आली की वर यायची, लाट गेली की दिसत नव्हती. तिच्यावर तीन मानसं पालथी पडलेली. एक उठून बसला न् हात हालवाले लागला. मले वाटलं, हेच. हेच तं मी पोरांना सांगते. हात हालवणाऱ्यावर नजर ठेवा. आबा, तो वाचवा म्हनून राह्यला होता का फसवून राह्यला होता, वरून काहीच समजत नाही. मी काचेले हात लावला. हालवला. काऊन हालवला, माहीत नाही."

"अन् फोन?"

"खाली उतरल्यावर वरचे साहेब म्हनाले, उलटी नाव मुद्दाम टाकतात कधीकधी, तिच्या आडोशाले पानबुडी राहू शकते. दुपारी परत जा, न् पुन्हा ठिपका आला तं टाका. मले पाह्यचं होतं, की ज्यानं हात दाखवला त्याच मानसाच्या हातून टाकनं होऊ शकते काय. तुमी म्हनाले, हाव."

पंजाबराव खाली बसले.

"मंग मी लिहून देलं," समता म्हणाली. "तीन मानसं मी सोता पाह्यली, जहाज पाठवा, जवाबदारी माही. सही केली. चार वाजता गेलो तवा ठिपका तसाच होता. आमी अंधार पडेपर्यंत वर फिरत राह्यलो. सकाळी जहाज पोचलं. मासेमारच होते. दोघं जिवंत होते."

"तिसरा?"

"तिसरा नाही."

"हात हालवणारा कोनता?"

"मी बी विचारलं. जहाजावरच्या लोकायले काय माहीत." तिने बोटं सोडवली आणि मांडीवर पुसली. "चौकशी झाली माही. उशीर काऊन केला म्हनून. साहेबानं शेवटी पाठ थोपटली, कारन मानसं निघाली. पानबुडी निघाली असती तं ह्याच कागदावर माही नोकरी गेली असती. न् आपलं एखादं जहाज बी गेलं असतं, त्याच्यावरच्या पोरांसकट. ते बी मी त्या दिवशी मोजलं होतं, आबा."

पंजाबरावांनी विचारलं, "खरंच पानबुडी असती तं?"

"टाकलं असतं."

तिने ते सरळ सांगितलं, आवाज ना वर ना खाली. पंजाबरावांनी मान हलवली. त्यात सत्तर-पंच्याहत्तर माणसं असती, कुणीतरी कानाला यंत्र लावून बसलेला असता, कुणीतरी लुंगी नेसून. हे तिला सांगायची गरज नव्हती. ते तिला ठाऊक होतं, आणि सोमवारी तिला पुन्हा ड्यूटीवर हजर व्हायचं होतं.

"चाल," ते तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठत म्हणाले. "आजी वाट पाहत असंन. पुरनाच्या पोळ्या करून राह्यली ती."

समता पुढे निघाली. पंजाबराव काठी टेकत तिच्या मागे शेताच्या धुऱ्यावरून चालू लागले. ऊन अजून कडक होतं, आणि आभाळात काहीच नव्हतं.